शेऱ्याच्या रकान्यातला लाल ठिपका

मी शेऱ्याचा रकाना बोलतोय. कोणत्याही रजिस्टरात उजवीकडे, अगदी कडेला असतो ना, तोच. अनुक्रमांक, नाव, गाडी नंबर, पाळी, सही ही मानाची मंडळी बसून झाली की उरलेल्या दोन बोटं जागेत माझा संसार. बहुतेक दिवस मी कोराच असतो, आणि कोऱ्याला काही म्हणायचं असेल असं कोणाला वाटत नाही.

बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात माझ्या रेघा पडल्या. तिथून मी बिबवेवाडीला रंगरावशेठच्या गॅरेजमध्ये आलो. शेठच्या अकरा बस कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करत. कोणत्या ड्रायव्हरने कोणती पाळी करायची, हे टाइमकीपर सीताराम रजिस्टरात लिहायचे. रजिस्टरं भरली, नवी आली, पण शेवटचा रकाना मीच.

सीताराम माझ्यात फारसं काही लिहीत नसत. कधी ‘रजेवर’, कधी ‘क्लच बदलला’. आणि अधूनमधून, दशरथ या एकाच ड्रायव्हरच्या नावापुढे, एक लाल ठिपका.

त्या ठिपक्याचं असं होतं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर दशरथला अंधारात दिसेनासं झालं. दिवसा त्याच्याइतकं सांभाळून गाडी चालवणारा गॅरेजमध्ये दुसरा नव्हता. दिवस मावळल्यावर मात्र समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की त्याच्यापुढचा रस्ताच नाहीसा व्हायचा. हे त्याने फक्त सीतारामांना सांगितलं होतं. शेठना कळलं असतं तर त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशीच घरी बसवलं असतं.

पाळी दर पंधरवड्याला बदलायची. दशरथवर संध्याकाळची पाळी आली की सीताराम माझ्यात ठिपका देत. तो पाहून सर्जेराव नावाचा दुसरा ड्रायव्हर संध्याकाळची गाडी घेई आणि आपली सकाळची दशरथला देई. त्याने कधी कारण विचारलं नाही. सहा वर्षं हे असंच चाललं. खरं सांगतो, त्या ठिपक्यामुळे मला आपण कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

मग अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. जो तो संगणक घेत होता, शेठनीही घेतला. संगणकाला थंडावा लागतो म्हणून केबिनमध्ये एसी बसला आणि त्याच्या बरोबर झोतात शेठची खुर्ची आली. पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर तयार करायला सोनाली नावाची मुलगी येऊ लागली. नुकतीच इंजिनिअर झालेली, हुशार, मनापासून काम करणारी. तिने मला नीट पाहिलं, तीन महिन्यांची पानं मोजली आणि आपल्या वहीत टिपलं की हा रकाना जवळजवळ रिकामाच असतो. तरीही तिने विचारलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सीतारामांना केबिनमध्ये बोलावून, रजिस्टर उघडून विचारलं.

“काका, हे लाल ठिपके कशाचे?”

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. सीतारामांनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“काही नाही मॅडम. पेन टेकवायची सवय आहे.”

शेठ हसले. आमच्याकडे शेरा वगैरे कोणी वाचत नाही, पडद्यावर उगाच गर्दी कशाला, म्हणाले. सोनालीने आपल्या आराखड्यात माझ्यावर आडवी रेघ मारली. सगळं विचारून घेतल्याचा एक कागद तिने पुढे केला. त्यावर शेठनी सही केली, आणि खाली सीतारामांनीही.

संगणक पाळ्या लावू लागला. सगळ्यांना सारख्या, आळीपाळीने, कोणाचीही भीड न ठेवता. यादीत कोणी परस्पर बदल केला तर त्या दिवसाची गैरहजेरी लागेल, असं शेठनी फळ्यावर लिहून टाकलं. सर्जेरावचाही नाइलाज झाला. सीताराम मात्र जुनं रजिस्टर टेबलाच्या खणात ठेवून सवयीने भरत राहिले.

डिसेंबरात दशरथवर संध्याकाळची पाळी आली. यादी लागली तशी सीताराम केबिनकडे निघाले. दशरथने त्यांचा हात धरला.

“नका सांगू भाऊ. मला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. पंधरा दिवसांचं तर आहे. हळू चालवीन.”

सीताराम परत येऊन खुर्चीत बसले. खणातून रजिस्टर काढलं, लाल पेन उघडलं आणि दशरथच्या नावापुढे ठिपका दिला. तो वाचून गाडी बदलून घेणारं आता कोणी नव्हतं.

आठ दिवस दशरथने बस खरंच हळू चालवली. बस रोज उशिरा पोचते, अशी कारखान्यातून तक्रार आली. शेठनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. नवव्या दिवशी विश्रांतवाडीच्या पुढे रस्ता खणलेला होता आणि कडेला नुसते दगड मांडले होते. समोरून ट्रक आला. बस चरात गेली. दशरथ जागच्या जागी गेला. त्याच्या मागच्या सीटवर बसलेली मुक्ताई, पॅकिंगला काम करणारी, दोन दिवसांनी गेली. दशरथचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं.

कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ अशी नोंद झाली. पोलिसांनी संगणकाची यादी मागितली, मला कोणी मागितलं नाही. यादी छापून द्यायला सोनाली आली. तिच्या यादीत खरोखर एकही चूक नव्हती. ती निघाली, पण दारातून परत फिरली आणि सीतारामांकडे जुनं रजिस्टर मागितलं. तिचं बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर जात राहिलं. प्रत्येक ठिपक्याआधी तेच नाव, तीच पाळी. शेवटच्या पानावर ती थांबली.

“काका, तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुम्ही शेठसमोर विचारलंत, मॅडम.”

पुढच्या महिन्यात सीतारामांनी काम सोडलं. जाताना रजिस्टर सोनालीच्या हातात दिलं. कोणाच्या नजरेला नजर देणं त्यांना जमत नव्हतं. त्या कागदावर सही केल्याचं त्यांना जितकं लागलं, तितकं दुसरं काही लागलं नसावं.

सोनालीने पडद्यावर मला परत जागा दिली, तीही सक्तीची. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवा टाइमकीपर रोज सगळ्या नावांपुढे ‘ठीक’ असं टाकतो आणि पुढे जातो. शेठ ते केबिनमध्ये बसून बघू शकतात, मग तो दुसरं काय लिहिणार?

जुन्या रजिस्टरातला मी आता सोनालीच्या पिशवीत असतो. माझ्या कडा फाटल्यात, ठिपके मात्र अजून लाल आहेत. ती नव्या नव्या कचेऱ्यांत जाते आणि काम सुरू करण्याआधी मालकांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती करते. बहुतेक मालक उठत नाहीत. तुम्ही कोणाच्या कामासाठी काही बनवायला निघाला असाल, तर माझं एवढं ऐका. त्या माणसाला त्याच्या जागेवर जाऊन, एकट्याला गाठून विचारा. आणि तो ‘काही नाही’ म्हणाला तरी लगेच उठू नका.

परवा अशाच एका कचेरीत साहेब खुर्चीतून हलले नाहीत. सोनालीने एका वयस्क बाईंना त्यांच्या वहीतल्या छोट्याशा फुलीबद्दल विचारलं. बाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

“काही नाही मॅडम,” त्या म्हणाल्या, “सवय आहे.”