बेरिलची एमजी

लग्नाआधी बेरिल हॅकेट वूस्टरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायच्या खात्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांनी आखलेल्या रेघा गिरवायच्या आणि सुटल्यावर सायकल दामटत थेट पर्सीमामाची शेड गाठायची. त्या शेडमध्ये तिची एमजी गाडी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. मुळात दुधाळ रंगाची. पण बेरिलने ती विकत घेतली तेव्हा तो रंग कुणाला ओळखूही आला नसता. एका डॉक्टरच्या विधवेने ती कोठारात गवताच्या भाऱ्यांमागे लोटून दिली होती, आणि मागच्या बाजूला कोंबड्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं.

"गाडी घेतेयस की खुराडं?" पर्सीमामाने विचारलं होतं.

"चालायला लागली की विचार," बेरिल म्हणाली.

मामाची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. तो खुर्चीत बसून पाइप ओढत सांगायचा, आणि हात बेरिलचे चालायचे. इंजिन सुटं करून तिने बाकावर मांडलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, काही भाग भंगारातून शोधून आणले. दोन हिवाळे गेले. बोटांच्या पेरांतलं तेल काही निघेना, म्हणून ती नाचाला जाताना हातमोजे घालायची. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मामा खुर्चीतून उठला, शेडच्या बाहेर गेला आणि कुंपणाकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात बेरिल टेकडीच्या शर्यतीत उतरली. अरुंद, वळणावळणाचा रस्ता. एकेकाने गाडी वर न्यायची आणि सगळ्यांत कमी वेळात जो पोचेल तो जिंकला. दुसऱ्या वर्षी दोघे सोडून बाकी सगळ्या पुरुषांना तिने मागे टाकलं. बक्षीस मात्र तिला बायकांच्या गटातलंच मिळालं, आणि बायकांच्या गटात ती एकटीच होती.

त्या शर्यतीला डेस्मंड टॉली आला होता, मित्राची मजा बघायला. विम्याच्या कचेरीतला गोरापान, नीटनेटका मुलगा. मित्राची गाडी बंद पडली, म्हणून बेरिलने त्याला घरी सोडलं. सबंध वाट त्याने दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. उतरला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. टोपी कुठेतरी उडून गेली होती. तो म्हणाला, "परत कधी नेशील?"

त्या एका वाक्यावर बेरिल भाळली. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं रविवारी दोघं वेल्सच्या बाजूला निघायची. गाडी बेरिल चालवायची, नकाशा डेस्मंड बघायचा आणि नेहमी चुकायचा. "उजवीकडे म्हटलं की डावीकडे जायचं, एवढं मला कळलंय," ती म्हणायची, आणि तोही हसायचा.

मग फिलिपा झाली.

बाळाची टोपली बाजूच्या सीटवर पट्ट्याने बांधून बेरिल तिला फिरवायची. पोरगी इंजिनाच्या आवाजाने झोपायची. एरवी डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही. पण नोव्हेंबरात फिलिपाला खोकला झाला, ताप चढला, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत निम्म्या गावातली पोरं खोकतायत. सासूबाईंना मात्र कारण आधीच सापडलं होतं.

"उघड्या गाडीतून तान्ह्या पोराला नेणारी आई मी तरी पाहिली नव्हती बाई," त्या चहा ढवळत म्हणाल्या. "आमच्या वेळी पोर झालं की बाई आई व्हायची."

"आई, टप लावलेला असतो. आणि डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय, पुरुषच ना. त्याला काय कळतंय?"

बेरिलने डेस्मंडकडे पाहिलं. तो बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत होता आणि तो बुडून तळाशी जाऊ नये एवढंच जणू त्याचं जगातलं काम होतं.

रात्रभर फिलिपाच्या छातीतली घरघर ऐकत बसलं की आईच्या मनात कोणतंही पाप खरं वाटायला लागतं. बेरिलचंही तेच झालं. फिलिपा बरी झाली, पण बेरिलच्या मनातला काटा तसाच राहिला. डेस्मंडने त्यावर बरोबर बोट ठेवलं.

"तुला कुणी जबरदस्ती करत नाहीये गं," तो म्हणाला. "पण विचार कर. मागे ढकलगाडी राहील, सामान राहील अशी मोठी गाडी घेऊ. ती तुझीच. मी आपला बसने जाईन कचेरीत. पुढे पोरगी मोठी झाली की घेशील अशीच एखादी."

"अशीच एखादी नसते, डेस्मंड."

"बरं, अशीच नाही. पण घेशील."

जाहिरात त्यानेच दिली.

गिऱ्हाईक आलं ते शनिवारी सकाळी. चेल्टनहॅमचा दातांचा डॉक्टर, मिस्टर लव्हरिज नावाचा, अंगात उंटाच्या रंगाचा कोट. बेरिल गाडीजवळ उभी होती, हातात पुसायचं फडकं. लव्हरिजने तिला "नमस्कार, मिसेस टॉली" म्हणत टोपी किंचित उचलली आणि तिला वळसा घालून तो डेस्मंडकडे गेला.

"सुरेख ठेवलीय हो तुम्ही. इंजिनाचं सगळं कोण बघतं?"

आता डेस्मंड सांगेल, म्हणून बेरिलने मान वर केली.

"घरातच बघतो," डेस्मंड म्हणाला.

"वा! गॅरेजात एक पैसा घालवत नाही म्हणा की. दुसरा गिअर जरा कुरकुरतो का या गाड्यांचा?"

"छे छे. लोण्यासारखा पडतो."

खरं म्हणजे तो गिअर थंडीत पहिली पाच मिनिटं हट्टी असायचा, आणि तो कसा पाडायचा हे पायाला कळावं लागायचं. बेरिल सांगायला पुढे झाली. "सकाळी सुरू केल्यावर जरा..."

"बेरिल, चहाचं बघतेस का?" डेस्मंड प्रेमळपणे म्हणाला. "मिस्टर लव्हरिज लांबून आलेत."

ती आत गेली. चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा दोघं पुरुष गाडीच्या नाकाशी उभे होते. लव्हरिजने डेस्मंडच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"जिवावर येत असेल, नाही? मला कळतं. माझ्या भावालाही अशीच विकावी लागली, पोरं झाल्यावर."

डेस्मंडने गाडीकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "काय करणार. बायकापोरं आली की माणसाला आपलं म्हणून काही ठेवता येत नाही."

बेरिल ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं तो वेळ मारून नेतोय, परक्या माणसासमोर बोलायचं म्हणून बोलतोय. पण त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं. तेव्हाच तिने ट्रे आपटून बोलायला हवं होतं, असं पुढे कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं. पण आत फिलिपा रडायला लागली. ती आत धावली, आणि बाहेर गाडी सुरू होऊन गेल्याचा आवाज तिने पोरीला थोपटताना ऐकला. जाताना दुसरा गिअर करकरला.

मोठी गाडी आली. चौकोनी, राखाडी, मागे ढकलगाडीच काय, छोटं वासरू मावेल एवढी जागा. पहिल्या आठवड्यात डेस्मंड तीच घेऊन कचेरीत गेला, कारण पाऊस होता. दुसऱ्या आठवड्यात साहेबांना स्टेशनवरून आणायचं होतं. मग कारण सांगणंही बंद झालं. बेरिल फिलिपाला घेऊन बसने जायची. ढकलगाडी घडी करायची, पोर काखोटीला, पिशवी दातांत. कंडक्टर म्हणायचा, "सावकाश हो ताई, बस काय शर्यतीला निघाली नाही."

आणि डेस्मंडची गोष्ट वाढायला लागली.

आधी ती पबमध्ये सांगितली गेली. मग नाताळच्या जेवणात. मग शेजाऱ्यांपाशी कुंपणावरून. "माझीही होती एक एमजी. फिलिपा झाली आणि विकली. पोरीच्या छातीपुढे गाडी काय चीज आहे?" पुढे पुढे त्यात टेकडीची शर्यतही आली. मुळात तो 'आम्ही' म्हणायचा. 'आम्ही'चं 'मी' कधी झालं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेक त्याच्याही नाही. पुरावाही त्याच्याच बाजूचा होता. गाडीचा घरात एकच फोटो, आणि त्यात स्टिअरिंगवर डेस्मंड बसलेला. कारण फोटो बेरिलने काढला होता.

एकदा भांडी पुसताना तिने विचारलं, "गाडी माझी होती हे तुला आठवतं ना रे?"

"तुझंमाझं काय असतं नवराबायकोत?" तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "असं हिशेब मांडल्यासारखं का बोलतेस?"

पर्सीमामा तोवर गेला होता. तो असता तर एका वाक्यात निकाल लावला असता. आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

फिलिपा नऊ वर्षांची असताना डेस्मंडच्या वाढदिवसाला तिने त्याला एक पुडकं दिलं. आत बोटभर लांबीची खेळण्यातली एमजी होती, दुधाळ रंगाची. खाऊच्या पैशांतून घेतलेली. रंग आधी लाल होता म्हणे; तिने स्वतः बसून नखाएवढ्या ब्रशने रंगवला होता.

"माझ्यामुळे विकलीस ना बाबा," ती म्हणाली. "मोठी झाले की खरी घेऊन देईन."

डेस्मंडने तिला उचलून छातीशी धरलं. त्याला हुंदका आवरेना. बेरिल केकवर मेणबत्त्या लावत होती. ओठांपर्यंत आलेलं वाक्य तिने गिळलं, कारण पोरीच्या तोंडावर जे काही होतं ते विझवायला तिचं मन धजेना. शिवाय त्या नऊ वर्षांच्या पोरीने हा बोजा किती दिवस उचलला होता, हे तिला त्या क्षणी कळलं. आई कधी त्या गाडीत बसली होती का, हे मात्र पोरीने कधी विचारलं नव्हतं.

मग वर्षं गेली, जशी जातात. फिलिपा शिकली, बर्मिंगहॅमला नोकरीला लागली, तिथल्याच एका शांत, उंच मुलाशी तिचं जमलं. लग्नाचं जेवण गावातल्या पबच्या मागच्या दालनात होतं. भाजलेलं मटण झालं, शॅम्पेन फिरली, आणि वधूपिता भाषणाला उभा राहिला.

डेस्मंड आता भरदार झाला होता, आवाजही तसाच. त्याने पेला हातात घेतला, आणि बेरिलला पहिल्याच शब्दावरून कळलं की आज काय येणार.

"माणसाच्या आयुष्यात दोन प्रेमं असतात," तो जावयाकडे बघत म्हणाला. "माझं पहिलं प्रेम मी माझ्या हातांनी उभं केलं होतं. मोडकी एमजी, कोंबड्यांनी घाण केलेली. दोन हिवाळे मी त्या शेडमध्ये..."

"मी," बेरिल म्हणाली.

ती फार मोठ्याने बोलली नव्हती, पण दालन शांत होतं.

डेस्मंड हसला. "काय गं?"

"दोन हिवाळे मी. शेड माझ्या मामाची. गाडी माझी, इंजिन मी लावलं, टेकडी मी चढले. तू बाजूला दार धरून बसला होतास. विकायला लावलीस ती माझी गाडी. तुझी कधीच नव्हती, डेस्मंड."

कुणीतरी खोकलं. कुणाचा तरी काटा बशीवर पडला. डेस्मंड पेला धरून तसाच उभा होता, आणि त्याच्या तोंडावर लबाडी पकडली गेल्याचा भाव नव्हता. भर सभेत बायकोने काहीतरी हिसकावून घेतलेल्या माणसाचा भाव होता. लोकांनी तोच पाहिला.

"आई जरा दमलीय," डेस्मंड हळूच म्हणाला. "सकाळपासून पायावर उभी आहे." आणि टाळ्या पडल्या, समजूतदार, मऊ टाळ्या. त्याच्यासाठी.

फिलिपाने तिला कोट ठेवायच्या खोलीत गाठलं. पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरलेला.

"आजच, आई? आजच बोलायचं होतं?"

"खरं होतं ते."

"असेल." फिलिपा म्हणाली. "असेल खरं. मग पंचवीस वर्षं का नाही बोललीस? मला काय वाटत होतं माहितेय, लहान असताना? माझ्या बाबाने माझ्यासाठी त्याची सगळ्यांत आवडती वस्तू दिली. त्या एका गोष्टीवर मी बाबाचं सगळं माफ करत आलेय. उशिरा यायचा ते, शाळेत कधी आला नाही ते, सगळं. आता त्याचं काय करू मी?"

"आणि माझं?" बेरिल म्हणाली. "माझी होती म्हटल्यावर, मी दिली म्हटल्यावर, मला काही नाही?"

फिलिपाने तिच्याकडे पाहिलं. बाहेरून कुणीतरी नवरीला हाक मारली. "केक कापायचाय," ती म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर डेस्मंडने ती गोष्ट कधी सांगितली नाही. सांगायची गरजच उरली नाही. गावात आता दुसरी गोष्ट चालायची: टॉलीच्या बायकोने लेकीच्या लग्नात त्या बिचाऱ्याचा कसा पाणउतारा केला. पबमध्ये लोक त्याला आपणहून बियर पाजायचे. घरी तो तिच्याशी अतिशय सभ्यपणे वागायचा. मीठ हवं का विचारायचा, दार उघडून धरायचा.

फिलिपाचा फोन रविवारी यायचा. आधी बाबांशी बरंच बोलणं, मग आईशी हवामान. पुढच्या वर्षी तिला दिवस गेल्याचं डेस्मंडने बेरिलला सांगितलं, फोन ठेवल्यावर.

"नोकरी सोडतेय म्हणे," तो वर्तमानपत्र उघडत म्हणाला. "मुलाकडे बघायला. तिची आवडती नोकरी होती ती. पण मीच म्हटलं, बेटा, कुणालातरी काहीतरी सोडावंच लागतं."

बेरिलने फोन उचलला आणि लेकीचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी बराच वेळ वाजत राहिली. शेवटी जावयाने उचलला आणि म्हणाला की फिलिपा आडवी झालीय, उद्या करेल. निरोप सांगू का?

"सांग, नोकरी सोडू नको म्हणावं," बेरिल म्हणाली. "आईने सांगितलंय म्हणावं."

"बरं," तो म्हणाला, अगदी नम्रपणे, दमलेल्या माणसाशी बोलावं तसं.