चार हारांवर मूर्तिजापूर

सत्यभामेला आयुष्यात एकच पद मिळालं, आणि तेही बिनपगारी. अकोल्याहून सकाळी सातला सुटणाऱ्या पॅसेंजरच्या लेडीज डब्यात बायकांना उठवण्याचं.

हे ऐकून कुणाला हसू येईल. येऊ द्या. पण मूर्तिजापुरात नोकरीला असलेल्या अकरा जणी त्या गाडीने रोज अपडाऊन करतात. कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी तहसिलीत. सगळ्या पहाटे चारला उठून, घरच्यांचे डबे भरून, स्वतःचा डबा कोंबून आलेल्या. फलाटावर त्या ताठ उभ्या असतात, पर्स खांद्याला, पदर चापूनचोपून. गाडीत टेकल्या की बोरगाव यायच्या आत सगळ्यांच्या माना पडलेल्या. डोळा लागायच्या आधी प्रत्येकीचं एकच वाक्य, "सत्यभामाबाई, उठवजो वं." मग योग्य वेळी सत्यभामा खणखणीत आवाज लावायची, "उठा वं मायहो, आलं मूर्तिजापूर!" आणि अकरा जणी डोळे अर्धे मिटलेले ठेवूनच उतरून जायच्या.

पगार नव्हता, पण या पदाच्या पोटात एक गोष्ट होती: टोपल्या. सत्यभामा फुलवाली. अकोल्यात जठारपेठेतल्या गाड्यावर तिची जाऊ बसायची, म्हणून हिच्या वाट्याला अमरावतीची राजापेठ आली. बडनेऱ्यापर्यंत गाडी, पुढे ऑटो. दोन भल्या थोरल्या टोपल्या, ओल्या फडक्याने झाकलेल्या, एक दाराशी अन् एक दोन बाकांच्या मधोमध, जिथे बायकांनी पाय ठेवायचे तिथे. नऊ वर्षांपूर्वी सुरुवातीला याच बायकांनी तिला सळो की पळो करून सोडलं होतं. "हा काय मालडबा हाय का?" असं विचारणारी तानुबाईच होती, एका शाळेत शिपाई, आवाज मुख्याध्यापकाचा. पुढे एकदा तानुबाई झोपून राहिली असती, ती सत्यभामेने हलवून उतरवली, आणि तेव्हापासून टोपल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्या गुमान पाय वर घेऊन झोपू लागल्या. सत्यभामेला पक्कं ठाऊक होतं, टोपल्या बसल्यात त्या जागेवर नाही, आपल्या उठवण्यावर. हे गेलं की त्या गेल्या, अन् त्यांच्यामागे राजापेठ गेली. बसचा कंडक्टर तर टोपली पाहूनच दुसरीकडे बघतो.

आता ती वेळ ओळखायची कशी, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकांना वाटायचं, बाईचं ध्यान असतं. ध्यान कसलं! ती गाडीभर हार ओवायची. सुई झेंडूत घुसवायची, ओढायची, पुढचं फूल. अकोला सुटलं की पहिला हार धरायचा. दोन हार झाले की काटेपूर्णा. चौथ्याला गाठ मारली अन् गाडी मंदावली, की मूर्तिजापूर. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नाही. गाडी उशिरा सुटली तर हारही उशिरा सुरू व्हायचा, त्यामुळे तेही जमून जायचं. खिडकीबाहेर बघायची तिला कधी गरजच पडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या बाजूला कोणती झाडं आहेत हेही तिला सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर डब्यात रागिणी नावाची पोरगी येऊ लागली. बडनेऱ्याला कॉलेजात. तिच्या मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसायचं. पहिल्याच आठवड्यात तिने निरागसपणे म्हटलं, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता? मी लावते ना अलार्म. सगळ्यांना एकदमच जाग येईल."

सत्यभामेने पायाने टोपली जराशी आपल्याकडे ओढली. अन् ती म्हणाली, "बाप्पा! मशीनीचं काय खरं हाय? तिची ब्याटरी गेली तं?"

"तुमची नाही जात?"

"माई? माई नऊ वर्षं झाली नाई गेली."

दोन-तीन जणी हसल्या, पण गीतांजली मॅडम, प्राथमिक शाळेतल्या, त्यांनी त्या मोबाईलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते सत्यभामेने टिपलं. त्या दिवसापासून ती मूर्तिजापूरची हाक आणखी मोठ्याने मारू लागली. एकदा तर शेजारच्या डब्यातला एक माणूसही उतरला म्हणतात.

जानेवारीत धुकं पडलं. खिडक्या बंद, काचा पांढऱ्या. त्या सकाळी सत्यभामेच्या टोपलीत नवा झेंडू होता. नवऱ्याने, भगवंतने, या सालात परतवाड्याच्या एका नर्सरीतून रोपं आणली होती अन् महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. "पाह्य कसं फूल हाय, लाडवासारखं!" म्हणून तो दिवसातून तीनदा दाखवायचा. आज पहिला तोडा.

फूल खरंच लाडवासारखं होतं. सत्यभामेने पहिला हार घेतला आणि बघता बघता संपवला. दुसराही झरकन झाला. आपला हात आज काय चालून राहिलाय, असं तिला वाटलं. वय वाढतं तसा हातही तयार होतो, म्हणत ती स्वतःवर खूष झाली. समोर रागिणी कानात वायर घालून बसलेली. तिच्याकडे तिने एक नजरही टाकली, म्हणजे बघ म्हणावं, पन्नाशीतली बोटं. चौथ्या हाराला गाठ मारली. गाडी मंदावली.

"उठा वं मायहो, आलं मूर्तिजापूर!"

अकरा जणी उठल्या, पर्सा चाचपल्या, टोपली ओलांडली, उतरल्या. गीतांजली मॅडमची डब्याची पिशवी बाकावर राहिलेली सत्यभामेने दारातून त्यांच्या हाती दिली. हे तिच्या पदाचं शेवटचं काम असायचं. गाडी हलली. दाराशी धुक्यातून एक पिवळी पाटी सरकत आली. पाटीवर काळ्या अक्षरात काटेपूर्णा असं लिहिलं होतं.

सत्यभामेने ते दोनदा वाचलं. शाळा सातवीपर्यंतच झालेली असली तरी एवढं वाचता येत होतं.

मागून रागिणी वायर काढत म्हणाली, "काकू, मूर्तिजापूर अजून यायचंय ना?"

पुढे काय झालं ते सत्यभामेलाही नीट सांगता येत नाही. तिने उडी मारली. उतरली म्हणण्यापेक्षा पडली, असं म्हणणं बरोबर. अकरा बायकांसाठी तिने स्वतःला झोकून दिलं असं तिला पुढे दोन-चारदा सांगून बघावंसं वाटलं, पण ते खोटं होतं. खरं कारण एवढंच, की मूर्तिजापूरपर्यंत त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची तिची छाती नव्हती. "टोपल्या उतरवजो वं बडनेऱ्याले!" एवढं ओरडेपर्यंत गाडी धुक्यात गेली.

फलाटावर बसल्या बसल्या तिने पाहिलं, अकरा जणी एका ओळीत चालल्या होत्या. त्यांच्या पायांना मूर्तिजापूर पाठ होतं. इतकी पावलं सरळ, मग डावीकडे, मग जिना. त्या तितकी पावलं सरळ गेल्या, डावीकडे वळल्या, आणि तानुबाई कडुनिंबाला जाऊन भिडली.

"इथं झाड कधी लावलं वं यायनं?" तानुबाई म्हणाली.

 मग सगळ्यांचे डोळे, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या वेळेला, पूर्ण उघडले.

"हे काटेपूर्णा हाय," सत्यभामा गुडघा चोळत म्हणाली. सांगायला दुसरं कुणी नव्हतंच.

"माझ्या शाळेत आज तपासणी आहे," गीतांजली मॅडम हळू म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डांबरी रस्त्यापर्यंत त्या धुक्यातून चालत गेल्या. सत्यभामा चार पावलं मागून, लंगडत. लंगडणं खरं होतं, पण ते जरासं जास्त लंगडावं असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. अर्ध्या तासाने एक काळी-पिवळी जीप मिळाली. आधीच भरलेली. त्यात बारा बायका कशा बसल्या ते त्या ड्रायव्हरलाच माहीत. सत्यभामा अर्धी पत्र्यावर, अर्धी तानुबाईच्या मांडीवर. गाडी उसळली की दोघींच्या तोंडाची गाठ पडायची, अन् दोघी लगेच दुसरीकडे बघायच्या.

शेवटी न राहवून सत्यभामा बोलली. "फुलं मोठी होती."

"काय?"

"फुलं मोठी होती वं. हार लवकर झाले."

मग तिला सगळंच सांगावं लागलं. दोन हारांवर काटेपूर्णा, चार हारांवर मूर्तिजापूर. जीपमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ड्रायव्हरनेही आरशातून पाहिलं.

"म्हणजे," गीतांजली मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बघतच नव्हत्या? नऊ वर्षं?"

"बाहेर पाह्यलं तं सुई बोटात जाते नं."

"आमी नऊ वर्षं झेंडूच्या भरवशावर झोपलो!" तानुबाईने कपाळावर हात मारला. तो हात खाली येताना सत्यभामेच्या कपाळालाही लागला, तो चुकून की मुद्दाम, हे कळलं नाही.

मूर्तिजापूर आलं. बायका उतरून धावत सुटल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही, "उद्या येजो" म्हटलं नाही. सत्यभामा स्टेशनावर जाऊन पुढच्या गाडीने बडनेऱ्याला पोचली. वाटेत हातात सुई नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना. मांडीवर ठेवले, मग पदराखाली, मग खिडकीवर.

बडनेऱ्याच्या फलाटावर बाकाशी दोन टोपल्या, अन् त्यांच्यामध्ये रागिणी, गुडघ्यावर वही घेऊन बसलेली. दोन तास.

आभार मानायचे होते. वाक्यही तयार होतं. तोंडातून निघालं, "पाणी मारलं का फुलाईले?"

"मारलं. माझ्या बाटलीतलं."

"बरं केलं." मग टोपलीवरचं फडकं सारखं करत, "कालेज बुडलं तुयं."

"पहिले दोन तास तसेही बोअर असतात," रागिणी म्हणाली अन् एक टोपली उचलू लागली. ती काही केल्या तिला डोक्यावर घेता येईना. सत्यभामेने तिच्या हातून ती काढून घेतली, तेव्हा कुठे दोघी हसल्या.

संध्याकाळी घरी भगवंतला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाला, "म्या म्हणत नव्हतो, फूल मोठं हाय म्हणून?" त्याला त्यात फक्त फुलाची तारीफ ऐकू आली. सत्यभामा स्वयंपाकघरात जाऊन भाकरी जरा जोरात थापू लागली.

रात्रभर तिने मनात दुसरे मार्ग काढून पाहिले. बस? नाही. जनरल डबा? तिथे टोपल्यांवर माणसं बसतील. जावेला म्हणावं, जठारपेठेत अर्धा गाडा दे? त्यापेक्षा फुलं गाईला घालावीत.

सकाळी ती फलाटाच्या पार टोकाला, जनरल डब्याच्या जागी उभी राहिली. तोंडावरून पदर. टोपल्यांवर लक्ष नाही असं दाखवत, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या.

"इकडं काहून उभी हायस?" तानुबाई होती. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. एक टोपली उचलली, कंबर वाकडी करून चालू लागली, अन् सत्यभामेला दुसरी घेऊन मागे जावं लागलं.

डब्यात बायका बसल्या. गाडी सुटली. पाच मिनिटं गेली, सहा गेली. एकही मान पडली नाही. अकरा जणी टक्क जाग्या, कुणी खिडकीची काच पुसतेय, कुणी उगाच बांगड्या मोजतेय. सत्यभामेने खाली बघत सुई काढली.

"ठेव ते," तानुबाई म्हणाली.

सत्यभामेचा हात थांबला. आता टोपल्यांचं निघणार.

"आमी सगळ्यायनं ठरवलं हाय. तू झोपायचं."

"म्या?"

"नाई तं काय म्या? तू जागी दिसली की आमचे डोळे आपोआप मिटते. सवय झाली मेली. म्हणून तू झोपजो. तू झोपली म्हणजे आमी भीतीनं जाग्या राहू."

"बडनेऱ्याला मी उठवते, काकू," रागिणी म्हणाली.

 सत्यभामेने सुई टोपलीच्या फडक्याला खोचली, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. झोप कसली येते! नऊ वर्षांत तिने या गाडीत पापणी मिटली नव्हती. बोटं आपली मांडीवर रिकामी फुलं ओवत राहिली. पण सांगितलंय तर झोपायलाच हवं, म्हणून ती झोपून राहिली.

बोरगावला गाडी थांबली. कुणीतरी नवी बाई चढल्याचं तिला ऐकू आलं. मग आवाज, चिडका:

"ह्या टोपल्या कोणाच्या हो? माणसानं पाय कुठं ठेवावा?"

सत्यभामेचे ओठ उघडले. तानुबाईने तिचा गुडघा, कालचा दुखरा, दाबून धरला.

"आमच्या आहेत," गीतांजली मॅडमचा आवाज आला.

"तुमच्या? तुमी तं मास्तरीण दिसता."

"मास्तरणीनं फुलं नेऊ नयेत का?"

"पाय वर घेऊन बसा नं," तिसरी म्हणाली, "आमी काय करतो मंग?"

"अन् हे बाई कोण, अशी पसरली ते?"

"झोपली हाय," तानुबाई म्हणाली. "दमली हाय बिचारी. तिले हात लावू नका."

सत्यभामेच्या मिटल्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी कसं येईल, म्हणून तिने घाईघाईने घोरायला सुरुवात केली. ते जरा जास्तच मोठं निघालं असावं, कारण तानुबाई कानाशी वाकली.

"हळू घोर वं माय. आमाले मूर्तिजापूर आयकू येऊ दे."