बसा, बाई

आमच्या वृद्धाश्रमाच्या वॉर्डात सगळ्यात जास्त वापरून झिजलेला शब्द म्हणजे 'बसा'. कुणी उठायला लागलं की बसा. संडासला जायचंय? बसा, खुर्ची आणते. म्हाताऱ्या माणसाला हात धरून संडासापर्यंत न्यायला वीस मिनिटं लागतात, चाकाच्या खुर्चीत घालून ढकलायला दोन. माणसं बावीस आणि आम्ही आया दोघी. मग वर्षभरात पाय जातात, पायांमागून डोकं जातं, आणि फाइलीत लिहितात 'वयोमानानुसार'. वयाला कशाला नावं ठेवायची? बसवलं आम्हीच.

बाई काठी टेकत आल्या होत्या. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. दोन वर्षांत खुर्चीला चिकटल्या. मुलगा भेटायला आला की त्याला हेडमास्तर समजायच्या आणि मला वर्गातली ढ मुलगी. त्यातलं निम्मं बरोबर होतं.

एका दुपारी त्यांच्या शेजारी उभी राहून मी वहीत नोंद करत होते. 'पाणि दिले.' बाईंनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "पाण्याला दुसरी वेलांटी. दुष्काळ पडलाय का?" मग म्हणाल्या, घे लिहून. आणि उठल्या. शुद्धलेखन त्यांनी जन्मात कधी बसून सांगितलं नव्हतं. खाटांच्या कठड्यांना धरत, एकेक वाक्य तीनदा म्हणत त्या निघाल्या, आणि मी मान वर केली तेव्हा सहाव्या खाटेपाशी पोचल्या होत्या.

त्यानंतर रोज दहा मिनिटं आमची शाळा भरायची. दुसरी आया टोमणे मारायची, की विदुषीबाई, तुमची परीक्षा झाली असेल तर तीन नंबरची चादर बदला. पण सांभाळून घ्यायची.

तेवढ्यात मॅनेजरने बाईंना वर हलवायचं काढलं. वरचा मजला अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथून जिन्याने खाली आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मी मुलाला गाठून सांगितलं, बाई चालतात. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो मॅनेजरशी भांडला. शेवटी ठरलं की सोमवारी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंसमोर दहा पावलं टाकली तर बाई खालीच राहतील.

सोमवारी पॅसेजमध्ये दोन चिकटपट्ट्या लावल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, उठा. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कागदावर काहीतरी लिहिलं गेलं. मग मी लांबच्या पट्टीपाशी फरशीवर मांडी घालून वही उघडली आणि म्हटलं, बाई, शुद्धलेखन राहिलंय. मॅनेजर हसला.

बाई उठल्या. "नदीला पूर आला, स्वल्पविराम." एक पाऊल, दोन. "नदीला पूर आला." मुलाचे ओठ हलत होते, लहानपणी त्यानेही हीच वाक्यं लिहिली असणार. पाच. सहा. सातव्याला बाईंचा गुडघा जरासा लचकला, आणि माझ्या तोंडातून निघालं, "बसा, बाई."

दोन वर्षं आम्ही त्यांना हाच एक धडा गिरवायला लावला होता. बाई बसल्या. पॅसेजच्या मधोमध, जिथे खुर्ची नव्हती.

हाड मोडलं नाही, माकडहाडाला मुका मार. कागदावर सात पावलं, पडण्याचा धोका. मुलाने सही केली. जाताना मला म्हणाला, "तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच म्हणालात." थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंना वर पोचवून मी खाली आले. चार नंबरचे सुतार आजोबा दार का करकरतं ते बघायला उठत होते. मी दात आवळले आणि त्यांच्या काखेत हात घातला. दारापर्यंत अकरा मिनिटं लागली. तोवर तिकडे खाटांवरच्या दोघांचे कपडे ओले झाले, आणि दुसऱ्या आयाने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. तिचंही बरोबर आहे. आजोबांनी बिजागरीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, तेल पाहिजे. मग परत यायला अकरा मिनिटं.