विहिरीच्या तळाची बाटली

धुडकूभाऊंच्या विहिरीवर अख्खं गाव लोटलं होतं. काल विटकरी असलेलं पाणी आज नितळ! बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची घाण जमिनीत मुरली होती. ती उपसायला सरकारी मोटर दोन वर्षं घरघरत होती, आणि जलनाथ महाराजांनी विहिरीभोवती पडदा लावून एका दिवसात काम फत्ते केलं होतं.

"जलदेवी प्रसन्न हुई!" महाराज गरजले. "सात दिन मोटर बंद! देवी झोपली आहे. पानी फक्त आमच्या लोटीने, वरवरचंच घ्यायचं!"

देवीची झोप मोटरीने मोडते, महाराजांच्या आरडाओरड्याने नाही, हे मला नवीनच होतं.

"दोन वरीस मोटर चालनी, काय उजेड पाडा?" म्हणत धुडकूभाऊंनी मोटरीचा खटका बंद केला.

माझ्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भाविकाबाई पुढे झाल्या. "मोटर घाण विहिरीकडे ओढून धरते; ती थांबली तर घाण पुढे सरकेल. शेजारी रुक्मिणीबाईंची बोअर आहे. त्यांची सून कामिनी सातव्या महिन्यात आहे, तेच पाणी पिते."

"देवीना कोप व्हई, बाई! गप ऱ्हाय," रुक्मिणीबाईच कडाडल्या. लोक हसले. मला मात्र भीती वाटली.

पाचव्या दिवशी भाविकाबाईंनी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली आणि बाटली तळाशी सोडून बूच ओढलं. वर आलं ते गडद विटकरी पाणी. ते सगळ्यांना दाखवत त्या म्हणाल्या,

"पडद्याआड टँकरचं गोडं पाणी हळूच सोडलं. ते हलकं, वर राहिलं. जड घाण खालीच आहे. मोटर चालली असती तर सगळं ढवळलं असतं, म्हणून देवीला झोपवलं!"

महाराज चपला शोधू लागले.

"मंग मोटर दोन वरीस काय करी ऱ्हायनी व्हती?" धुडकूभाऊंनी विचारलं.

बाईंनी पाईप मोजला. विहीर साठ फूट, पाईप पंधरा फूट. "तीही वरचंच ओढत होती. तरी थोडीफार घाण तिने अडवली होती. पाईप तळापर्यंत सोडा, आणि दर आठवड्याला तळाचं पाणी तपासा."

तेवढ्यात रुक्मिणीबाई बोअरचा तांब्या घेऊन आल्या. पाण्याला विटकरी झाक होती.

"बाई, हाई काय व्हयनं?"

भाविकाबाईंनी तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणून मी सांगतो: हात जोडायचे तर जोडा, पण आधी तळाचं पाणी काढून बघा. आम्ही पाच दिवस उशिरा बघितलं, आणि त्या सकाळी कामिनी त्याच तांब्यातून पाणी प्यायली होती.