रोडरोलरचा वॉल्ट्झ

एका रोडरोलरवाल्यानं नाचता नाचता खालच्या बेकरीतले सगळे पाव चपटे केले, हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण पोस्टमनदादा, गेला अर्धा तास तुम्ही ही खुर्ची धरून डान्सक्लासच्या दाराशी उभे आहात, आणि तुमच्या मिसेस आत बूट बदलूनसुद्धा बसल्या. तेव्हा आधी ऐकून घ्या, मग नाचायचं की घरी पळायचं ते ठरवा.

बत्तीस वर्षं मी रोलर चालवला. रोलरला गती दोनच, हळू आणि त्याहून हळू. दिशाही दोनच, पुढे नि मागे. वळायचं म्हटलं की अख्खा चौक मोकळा करावा लागायचा. अशा माणसानं गिरकी घ्यायची म्हणजे म्हशीनं सुईत दोरा ओवायचा.

पण वेळच तशी आली. आमच्या हिचा खुबा मोडला. माळ्यावरची पेटी काढताना पायाखालचं स्टूल सरकलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहे. आता चाला." हाड जुळलं हो, पण भीतीचं काय? ही भिंत धरून चालायला लागली. स्वयंपाकघर ते बाथरूम, बाथरूम ते खिडकी. सव्वा वर्षात भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताचा काळपट पट्टा उमटला. भिंत संपली की हिचं जग संपलं. दाराबाहेर चार पायऱ्या, कठडा नाही. त्या चार पायऱ्यांपायी लेकीचं घर तुटलं, बाजार तुटला. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काका, आता भिंत सुटली नाही, तर पुढे अंथरूण सुटणार नाही."

त्याच आठवड्यात मी बेकरीवरची ही पाटी वाचली. 'बॉलरूम डान्स शिका. वयाची अट नाही. पडलात तर उचलू.' मी घरी येऊन म्हटलं, "अगं, भिंतीऐवजी मला धर. मीही तेवढाच ढिम्म आहे."

शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवल्या, तेव्हा कुठे आम्ही इथं पोचलो. मास्तरीणबाई तेव्हाही अशाच, काडीसारख्या. पूर्वी दातांच्या दवाखान्यात होत्या, त्यामुळे सुरुवातीलाच म्हणाल्या, "काही दुखणार नाही." आम्ही जास्तच घाबरलो.

"हा वॉल्ट्झ, तीन ठेक्यांचा नाच. एक-दोन-तीन. पुरुषांनी डावा पाय पुढे."

पुढे ठीक गेलो. मग मागे यायचं आलं. आता रोलर मागे घेताना काय करतात? मी मान वळवली आणि बोंब ठोकली, "कोण आहे रे मागे? सरका!" सहाच्या सहा जोड्या भिंतीला चिकटल्या.

त्याहून मोठी गंमत पुढेच. रस्ता दाबायचा नियम असा, की कडेपासून सुरुवात करायची, सरळ जायचं, सरळ मागे यायचं, आणि नवा पट्टा जुन्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. मग मध्ये उंचवटा राहत नाही. सगळी मंडळी गोल गोल फिरताहेत आणि आम्ही दोघं पट्ट्यापट्ट्यानं हॉल दाबत चाललोय.

"काका, हे काय चाललंय?"

"बाई, डावी बाजू झाली. मधला भाग तेवढा राहिलाय."

तेवढ्यात खालचा बेकरीवाला कोपरापर्यंत पिठानं माखलेला वर आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाव, आणि पाव पोस्टकार्डाएवढे जाड! "कोण नाचतंय इथं?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे. पण माणूस हुशार. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच पाव 'खास चपटे' म्हणून मांडले, तर कोपऱ्यापर्यंत रांग. इकडे जमिनीच्या फळ्यांची करकर कायमची थांबली. बाईंनी सुताराला निरोप पाठवला, येऊ नकोस, काम झालं.

हसताय ना? हसाच. मीही इथंच हसायला शिकलो. रोलरवर चुकलं की साहेब मेमो द्यायचे. इथं चुकलं की बाई टाळी वाजवून म्हणायच्या, "पुन्हा!" बासष्टाव्या वर्षी आपल्याला कुणी 'पुन्हा' म्हणतं, दादा, याचे उपकार कसे फेडायचे? मी घरी भाजी चिरतानासुद्धा एक-दोन-तीन म्हणायचो. गाजराचे तुकडे वॉल्ट्झमध्ये पडायचे, एक मोठा, दोन छोटे.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी आम्हाला हॉलच्या मधोमध उभं केलं. चारही भिंती लांब. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि मी वळलो! चौक न अडवता वळलो! मग बाई म्हणाल्या, "आता हात सोडा. तीन पावलं एकेकट्यानं."

हिचा चेहरा पांढराफटक. बोटं माझ्या मनगटात रुतलेली. मी म्हटलं, "अगं, मी आहे ना." आणि सोडला हात. एक पाऊल. दुसरं. तिसरं. चालली, दादा! तिथून जी सुटली ती दारातून बाहेर, जिना खाली, रस्त्यावर, मी मागे, वाटेतल्या वरातीचे बँडवाले मागे, आणि पाच किलोमीटर वॉल्ट्झ करत आम्ही थेट लेकीच्या दारात—

"पुरे! खोटं, साफ खोटं!"

ही केव्हा मागे येऊन उभी राहिली, देव जाणे.

"भाऊ, यांचं काही ऐकू नका. माझ्या खुब्याला आजवर खरचटलंसुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर रोलरवरून उडी मारायला गेले आणि खुबा मोडून बसले ते हे! भिंतीवरचा पट्टा यांच्या हाताचा. खुर्चीतून उतरवलं ते यांना. आणि अहो, त्या दिवशी मधोमध हात मी सोडला तेव्हा 'नको गं, नको गं' म्हणून कोण रडत होतं, ते सांगा की यांना!"