शिंपीणबाईंच्या मापाचा हँडलबार

मी हँडलबार बोलतोय. डोंगरातल्या सायकलचा, आणि त्यातही बसका. बसका म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सायकलवर मला जिथे आवळतात, त्या मधल्या भागापेक्षा माझ्या मुठी जेमतेम दोन बोटं वर असतात. माझ्या उंच भावंडांच्या चांगल्या चार-पाच बोटं वर. त्यामुळे दिमाख सगळा त्यांचा, आणि मी कुणाच्या खिजगणतीतही नाही. असो.

माझा जन्म अॅल्युमिनियमच्या नळीतून झाला. मधे जाड, टोकांना पातळ अशी ती नळी साच्यात धरून वाकवली, तापवून कडक केली आणि वर काळा रंग दिला. वाकवताना दुखलं का, असं विचाराल तर दुखलं हो. पण वाकवलं नसतं तर कुणाच्या हातात नीट बसलो नसतो, म्हणून तक्रार नाही.

सायकलच्या दुकानात आलो तेव्हा उंच हँडलबारची टूम निघाली होती. येईल तो उंचच मागायचा. दुकानदारकाका फडक्याने माझी धूळ पुसताना म्हणायचे, तू काही खपत नाहीस बाबा. भिंतीवर लटकून मी माणसांची एक गंमत पाहिली. सायकल घेताना ती रंग विचारतात, शेजाऱ्याने काय घेतलं ते विचारतात, पण स्वतःचे हात केवढे आहेत ते कुणी मोजून बघत नाही.

एकीने मात्र मोजले. त्या शिंपीणबाई.

पन्नाशीच्या बाई, गळ्यात टेप, बोलताना ओठांत टाचण्या. गल्लीच्या कोपऱ्यावर एका खोलीचं शिवणकामाचं दुकान. सुट्टीच्या दिवशी त्या सायकलने डोंगर चढायच्या आणि पलीकडच्या दगडांच्या वाटेने उतरायच्या. त्यांच्या यजमानांची पावाची भट्टी होती, म्हणून सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. माणूस आडदांड, पण काळजाने लोण्याचा गोळा.

मी त्यांच्या घरी जायच्या आधीची हकीकत मला नंतर कळली, पण ती इथेच सांगायला हवी. त्या वाटेवर घळीच्या काठाने एक तीव्र वळण आहे. तिथे बाई पडल्या आणि मनगट मोडलं. शिंपिणीचं मनगट मोडणं म्हणजे घराची अर्धी चूलच विझली. मशीन महिनोन्महिने झाकून ठेवलेलं. भट्टीवाले पहाटे पाव भाजून यायचे आणि बायकोची वेणी घालायचे, बटणं लावायचे, घास भरवायचे. वेणी फार वाकडी यायची म्हणे.

हात बरा झाल्यावर भट्टीवाल्यांनीच सायकलला उंच हँडलबार बसवून आणला. ताठ बसशील, जपून चालवशील, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या हितचिंतकांनी माना डोलावल्या. झालं भलतंच. चढावर पुढचं चाक उचललं जायला लागलं आणि त्या वळणावर ते सटकायला लागलं. बाई दर खेपेला तिथे उतरायच्या आणि सायकल हाताने ढकलत न्यायच्या. घरी आल्या की गप्प. ते गप्प बसणं भट्टीवाल्यांना बघवेना. एक दिवस ते म्हणाले, "अगं, विकून टाक ती सायकल. तुझा हात पुन्हा गळ्यात बांधलेला मला नाही बघवणार."

सायकल विकत घ्यायला एक मास्तर येणार, असंही ठरलं. बाईंनी डोंगर उतरायची फक्त एक संधी मागून घेतली. सायकलवरून न उतरता ते वळण पार केलं तर सायकल माझी, पाय टेकला तर तुम्ही म्हणाल तसं. भट्टीवाल्यांनी नाराजीने का होईना, कबूल केलं.

त्याच आठवड्यात बाईंच्या दुकानात एक गिऱ्हाईक नवा अंगरखा घालून आरशासमोर उभं होतं. पुढची कड वर उचलली गेली होती. कापडात खोट आहे, असा गिऱ्हाइकाचा धोशा. बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, अहो, तुम्ही मागे झुकून उभे आहात, म्हणून पुढून वर जातंय. एवढं बोलल्या आणि टाचण्या तोंडातच राहिल्या. आपणही त्या वळणावर भीतीने मागेच झुकतो की! आपण मागे गेलो की पुढच्या चाकावरचं वजन जातं, आणि वजन गेलं की चाक सटकतं. उंच हँडलबार तर मागे झुकायला मदतच करतो.

दुकान बंद करून बाई तडक सायकलवाल्याकडे आल्या आणि ही सगळी कथा सांगून म्हणाल्या, मला पुढे आणील असा बसका द्या. दुकानदारकाका म्हणाले, ताई, कंबर धरेल, मानेला रग लागेल, आजकाल बसका कोण घेतं? भिंतीला पाठ लावून बाईंनी स्वतःचे खांदे मोजले, हात मोजले, मग गळ्यातली टेप माझ्यावर लावली. इतक्या वर्षांत माझं माप प्रथमच कुणीतरी घेत होतं. खरं सांगतो, मी शहारलो.

मी बाईंच्या खांद्यांना रुंद होतो. काकांनी लगेच करवत काढली, हवा तेवढा कापून देतो म्हणाले. बाईंनी त्यांचा हात धरला. "कापलेलं परत जोडता येत नाही काका. आधी कच्चा टाका."

शिवणात पक्की शिलाई घालण्याआधी लांब लांब टाके घालून बघतात, तो कच्चा टाका. माझ्यावर तो असा घातला. मुठी आणि ब्रेक टोकांपासून आत सरकवले, टोकं तशीच बाहेर ठेवली. बाई गल्लीत फेऱ्या मारून आल्या, कोपरं आखडली म्हणाल्या, मुठी जरा बाहेर घेतल्या. पुन्हा फेऱ्या. भट्टीवालेही येऊन दुकानाच्या दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, एवढा वेळ तर तू माझ्या लग्नातल्या कोटालाही दिला नाहीस. बाई म्हणाल्या, म्हणूनच तो काखेत उसवला. शेवटी दोन्हीकडून अंगठ्याएवढाच तुकडा कापला. त्या दोन कड्या बाईंनी टाकल्या नाहीत. कागदी नमुना उडू नये म्हणून त्या आजही कापडावर ठेवतात.

मग तो दिवस उजाडला. संध्याकाळी मास्तर येणार होते. भट्टीवाले सकाळीच पायी जाऊन त्या वळणावर उभे राहिले, खांद्यावर मलमपट्टीची पिशवी. बायको पडणारच, अशी त्यांची खात्री होती आणि पडू नये म्हणून देवाला साकडंही घालून झालं होतं.

वळण दिसलं आणि बाईंचे तळवे घामाने भिजले. मला ते सगळ्यात आधी कळलं. शरीर मागे सरायला लागलं. सवय ती सवय. माझ्यावरची पकड सैल झाली, पुढचं चाक एकदा थरथरलं. मला ओरडावंसं वाटत होतं, या बाई, पुढे या. आणि त्या आल्या. कोपरं बाहेर, हनुवटी माझ्यावर, सगळा भार माझ्या दोन्ही खांद्यांवर. ज्या बाजूला घळ, जिथे मनगट मोडलं, त्याच बाजूला त्या झुकल्या. चाकाने माती घट्ट धरली आणि वळण मागे पडलं. त्या बाईइतकं धीट माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि भीती गेली म्हणून नाही हो, ती असतानाच त्या पुढे झाल्या.

भट्टीवाले पिशवी घेऊन तसेच उभे होते. डोळे पुसत होते, वर म्हणत होते की धूळ गेली. संध्याकाळी मास्तरांना त्यांनी चहा पाजला, गरम पाव बांधून दिले आणि सायकल विकायची नाही म्हणून सांगितलं.

पुढची वर्षं सोन्यासारखी गेली. किती चढलो, किती उतरलो, गणती नाही. परवा भिंतीला टेकवलेली सायकल घसरून दगडावर आपटली आणि माझ्या अंगाला खोक पडली. भट्टीवाल्यांनीच ती पाहिली, आज सायकल पुसताना. आमच्या जातीचं असं आहे की आम्ही कुरकुरत नाही, एकदम तुटतो. म्हणून त्यांनी मला लगेच उतरवलं आणि बाईंना घेऊन दुकानात आणलं.

आता मी काउंटरवर पडलोय. दुकानदारकाका एक उंच, चकचकीत हँडलबार काढून म्हणाले, वहिनींचं वय झालं आता, हा घ्या, ताठ बसतील.

बाई काही बोलणार, तोच भट्टीवाले बोलले. "नको काका. ती मागे झुकली की मला भीती वाटते. ह्याच्यासारखाच बसका द्या."

काकांनी एक बसका काढला, माझ्याशेजारी ठेवला आणि माझ्याच लांबीवर खूण करून करवत हातात घेतली. भट्टीवाल्यांनी पिठाने माखलेला हात करवतीवर ठेवला. "थांबा. ती आता पूर्वीपेक्षा पुढे येते. आधी कच्चा टाका."

बाई हसल्या. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली.

माझ्या शेजारच्या नव्या पोरा, तुला एवढंच सांगतो. घाबरली की ही बाई क्षणभर मागे सरते. तू हलू नकोस. ती पुढे येते.