जरा जास्तच पांढरी

मी एक जुनी पांढरी चादर आहे. पांढरी म्हणजे... थांबा, तिथेच तर सगळा घोळ झाला. आधी आधीचे सांगते.

मित्रांनो, गिरणीतून मी आले ती पाहुण्यांच्या पलंगासाठी. पाहुणे आले की अंथरायची, गेले की धुवायची. असे करत मधोमध विरले. आता माझी फडकी होणार असे वाटले.

झाली नाहीत. घरात दुकान निघाले. ऑनलाइन.

आईची कारखान्यातली नोकरी सुटली होती. ती दुधाळ रंगाच्या लोकरीच्या टोप्या विणू लागली. मुलगी मोबाइलवर फोटो काढून विकायला टाकू लागली. पहिले फोटो ट्यूबलाइटखाली, सोफ्यावर. मागे चार्जरची वायर आणि आजोबांचा पाय. एका गिऱ्हाइकाने विचारले, "टोपीबरोबर पायही मिळतो का?"

मग मुलगी शिकली. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच आधी पुसायची. ट्यूब बंद, फ्लॅश बंद. टेबल खिडकीशी, पण थेट उन्हात नाही. मला खुर्चीच्या पाठीवरून टेबलावर सैल सोडायचे, म्हणजे मागे कोपरा दिसत नाही. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा. एक फोटो समोरून, एक आतल्या विणीचा, एक टोपी फुग्यावर चढवून.

रोज लटकायचे. रोज इस्त्री. रोज तीच खुर्ची. कौतुक टोप्यांचे. असो.

टोप्या विकल्या गेल्या. आणि परत आल्या.

"फोटोत पिवळी, हातात दुधाळ." तक्रार तीच, पुन्हा पुन्हा. मग ज्या वेबसाइटवर दुकान होते, त्या कंपनीचा निरोप आला: रंगाबद्दल आणखी एक तक्रार आली, तर तुमचे दुकान बंद.

आईने सुया खाली ठेवल्या. दुसरे काम तिच्या हाताशी नव्हते.

मुलगी टोपी घेऊन खिडकीत गेली. फोटो काढला. माझ्यावर ठेवली. पुन्हा काढला.

"आई, हे बघ. नुसती धरली तर दुधाळ येते. चादरीवर ठेवली की पिवळी."

"चादर तर पांढरी आहे," आई म्हणाली.

"पांढरी?" दारातून आत्या म्हणाली. मला धुण्याचे काम तिचे. "बगळा लाजेल अशी करते मी तिला."

"आत्या, नीळ किती घालतेस?"

"घालते आपली."

"म्हणजे किती?"

"फोटोत जायची म्हणून हात जरा सैल सोडते. तुमच्याच दुकानासाठी ना?"

मुलीने माझा कोपरा उजेडात धरून पाहिला: निळसर. मोबाइलला माझा निळेपणा खपत नव्हता. मला पांढरी दाखवायला तो सगळा फोटोच पिवळा करून ठेवत होता.

आत्या रागावली नाही. मला उचलून मोरीत घेऊन गेली. साध्या पाण्यात खळबळले, पिळले, पुन्हा खळबळले. पाणी निळे येत होते, मग फिके, मग नुसते पाणी. तिचे हात दुखत असणार. माझे तर अंगच दुखत होते.

वाळले. लटकले. फोटो निघाला. मुलीने टोपी मोबाइलशेजारी धरली. दोन्हीकडे एकच दुधाळ रंग. तिने जुने फोटो काढून टाकले, नवे चढवले. पुढच्या टोप्या गेल्या त्या गेल्याच. आईने नवी लोकर सोडवायला घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी राबत असेल. तिला स्वच्छ ठेवा, सुरकुत्या काढा. पण आहे त्याहून पांढरी करायला जाऊ नका. फार थकवा येतो त्याने. आणि काम संपले की घडी घाला. तशीच लटकत ठेवू नका.

काल फोटो चालू असताना आत्या जाता जाता थांबली.

"मळकीच दिसते गं ही."

"दिसू दे," आई म्हणाली.

माझ्याबद्दल इतके चांगले फार दिवसांत कुणी बोलले नव्हते.